खिळ्यांचे व्रण आणि जुनी छायाचित्रे

शास्त्रपाठ : योहान २०:२४-२९, २ करिंथ ३:१८



घराण्याच्या मोठ्या बायबलात जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याची एक चांगली रीत आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत पूर्वी होती. त्याच पानांच्या आड एखादे छायाचित्रही जपलेले असे. खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा, मागे खांद्यावर हात ठेवून उभी असलेली आजी, पायांशी पोरेबाळे. सर्वांचे डोळे कॅमेऱ्याकडे आणि कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. आज ते पान उघडले तर छायाचित्र पिवळे पडलेले दिसते, कोपरा दुमडून तुटलेला असतो, आणि नेमक्या चेहऱ्यावर डाग असतो.

जुने छायाचित्र म्हणजे कागदावर धरून ठेवलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा किंवा जिलेटिनचा एक पातळ थर त्यांना आधार देतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या थरावर बुरशी चढते, कसर तो कुरतडते, धुताना मागे राहिलेला हायपो चांदीला पिवळट करतो. आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला चेहरा काच काढताना सोलून निघतो. आपल्या वाडवडिलांची मुखे इतक्या नाजूक वस्तूच्या हवाली केलेली आहेत, हे ध्यानात आले म्हणजे स्तोत्रकर्त्याने मनुष्याला गवताची उपमा का दिली, हे निराळे सांगावे लागत नाही.

अलीकडे मात्र या चित्रांचा जीर्णोद्धार संगणकावर होऊ लागला आहे. चित्राची अंकीय प्रत काढावयाची, मग पडद्यावर एकेक ओरखडा बुजवावयाचा, डाग पुसावयाचे, फिकटलेली छाया गडद करावयाची. हे काम पूर्वी कुशल हातांचे होते. १९९० साली फोटोशॉप आले, २००२ मध्ये त्यात डाग भरून काढणारा ‘हीलिंग ब्रश’ आला. तरीही एका चेहऱ्यावर माणूस दोन-दोन दिवस बसत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तेच काम मोबाईलवर काही क्षणांत उरकते. एवढेच नव्हे, तर त्या छायाचित्राचे तैलचित्र, जलरंगचित्र, जपानी चित्रपटातील असावे तसे चित्र, जे हवे ते करून मिळते. २०२५ च्या मार्च महिन्यात अशा जपानी धाटणीच्या चित्रांची एक लाटच जगभर आली होती. आपल्या मंडळ्यांतील किती पाळकांची छबी तेव्हा त्या रूपात फिरली, हे आपण जाणताच.

ही केवळ एक करमणूक असती, तर तिच्यावर या पानांत लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मनुष्याच्या मुखाशी जे जे काही केले जाते, त्याचा संबंध देवाच्या प्रतिरूपाशी पोहोचतो. म्हणून या विषयाकडे वचनाच्या उजेडात पाहणे आवश्यक वाटते.

प्रथम या कामातील चांगुलपणा निःसंकोचपणे मान्य करावयास हवा. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणविले, ते कशासाठी? पुढे मुलांनी ‘हे काय आहे?’ असे विचारावे आणि वडिलांना सांगता यावे, यासाठी (यहोशवा ४). बुजत चाललेले छायाचित्र पुन्हा दृष्टीस पडण्याजोगे करणे हे त्याच जातीचे काम आहे. शास्त्राच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना तर हे फार जवळचे वाटते. १९७० साली मृत समुद्राकाठच्या एन-गेदी येथे एका जळालेल्या सभास्थानाच्या अवशेषांत कोळशाचा एक गोळा सापडला. तो गुंडाळी केलेला चर्मपत्राचा ग्रंथ होता. पण हात लावताच त्याचे तुकडे पडत, म्हणून कित्येक वर्षे तो तसाच राहिला. २०१५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचे आतील थर संगणकावर उलगडण्यात आले, तेव्हा लेवीयाच्या प्रारंभीच्या अध्यायांतील मजकूर वाचता आला. एकही पापुद्रा न उलगडता! त्यातील इब्री अक्षरे आपल्या परंपरेने जपलेल्या पाठाशी जुळणारी निघाली. अग्नीत गेलेले वचन असे परत हाती आले, तेव्हा कोणत्या अनुवादकाच्या मनात देवाची स्तुती उमटली नसेल?

मात्र त्या संशोधकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. जे दिसले नाही ते त्यांनी दिसल्याचे दाखविले नाही. जीर्ण हस्तलिखितांच्या छापील आवृत्त्या आपण कधी पाहिल्यात, तर त्यांत जागोजाग चौकोनी कंस आढळतील. कंसातील अक्षरे ही संपादकाने तर्काने भरलेली असतात. चर्मपत्रावर तेथे भोक आहे, हे तो वाचकापासून लपवीत नाही. ज्या अक्षराविषयी शंका आहे त्याच्या डोक्यावर टिंब देतात. हे कंस आणि ही टिंबे म्हणजे विद्वानांचा नम्रपणा आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. घाईने काय होते, याचाही दाखला आपल्या शास्त्राच्या इतिहासात आहे. पॅरिसमध्ये पाचव्या शतकातील बायबलची एक ग्रीक प्रत आहे. बाराव्या शतकात कोणी तिची अक्षरे खरवडून त्याच चर्मपत्रावर एफ्राइम या सीरियन भक्ताचे लेख उतरविले. एकोणिसाव्या शतकात खालची अक्षरे वर यावीत म्हणून तिच्यावर रसायन लावण्यात आले. अक्षरे थोडी उजळली, पण पाने कायमची डागाळली. पुढे टिशेनडॉर्फ यांनी ती प्रत डोळ्यांत तेल घालून वाचली, आणि १८४० च्या दशकात प्रसिद्ध केली.

तेव्हा जीर्णोद्धार दोन प्रकारचा असतो. जे वरून आले आहे ते दूर करणे, हा पहिला : धूळ, बुरशी, शाईचा शिंतोडा, घडीची रेघ. जे नाहीसे झाले आहे ते नव्याने घडवून त्या जागी बसविणे, हा दुसरा. पहिल्या प्रकारात आपण चित्राची सेवा करतो. दुसऱ्यात आपण चित्राच्या वतीने बोलू लागतो, आणि त्याने जे कधी म्हटले नाही तेही त्याच्या तोंडी घालतो. साडी हिरवी होती की तांबडी, हे चांदीच्या कणांना ठाऊक नसते. यंत्र तिला एक रंग देऊन मोकळे होते.

यंत्र हा रंग, ही नाकाची रेषा, ही डोळ्यातील चमक कोठून आणते? त्याने आपली आजी कधी पाहिलेली नाही. त्याने लाखो परक्या चेहऱ्यांची छायाचित्रे पाहिली आहेत, आणि त्या सर्वांवरून ‘अशा जागी बहुधा असे नाक असते’ एवढेच ते जाणते. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अंधुक चेहरा स्पष्ट करून दाखविणारी अशीच एक पद्धत तयार झाली. कोणी तिला माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे ठिपक्याठिपक्यांचे धूसर चित्र दिले. जगाला ओळखीचा असा तो चेहरा. पण यंत्राने त्यातून एक गोरा मनुष्य काढून दाखविला. त्यात यंत्राचा द्वेष नव्हता. जे चेहरे त्याने अधिक पाहिले होते, त्यांच्याकडे ते वळले, इतकेच. पण ज्या घरी आजोबांचे एकुलते एक छायाचित्र आहे, तेथे चूक झाली तर ती ओळखणार कोण?

स्पेनमधील बोर्हा नावाच्या गावची गोष्ट कित्येकांना आठवत असेल. तेथील देवळाच्या भिंतीवर काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे चित्र होते. त्याचे पोपडे निघू लागले, तेव्हा २०१२ मध्ये एका वृद्ध भाविक बाईने ते आपल्या हाताने दुरुस्त करण्याचा यत्न केला. परिणामी प्रभूचे मुख ओळखू येईना, आणि सारे जग हसले. मला त्या बाईविषयी नेहमी करुणाच वाटली. तिची चूक निदान कोणालाही दिसण्यासारखी होती. यंत्राची चूक इतकी गुळगुळीत, इतकी देखणी असते की तिला कोणी हसत नाही. लोक ती फ्रेम करून भिंतीवर लावतात.

येथे रायपूरमधील एका कुटुंबाविषयी सांगितले पाहिजे. पण आधी या मुलखाचा थोडा परिचय. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत येथे होता, त्यामुळे मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला, तो प्रवास याच बाजूचा, येथून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या राजनांदगावचा होता. ख्रिस्ती मंडळीची मुळे येथे त्याही आधीची आहेत. १८५७ च्या उठावात रांची सोडावी लागलेले ओस्कर लोर अमेरिकेतून १८६८ मध्ये पुन्हा भारतात आले, आणि रायपूरच्या परिसरात विश्रामपूर येथे त्यांनी मिशनचे ठाणे वसविले. १८९९ मध्ये धमतरीत मेनोनाईट मिशनचे काम सुरू झाले. त्याच सुमारास संवत १९५६ चा तो ‘छप्पनिया’ दुष्काळ पडला, आणि मिशनची अनाथालये मुलांनी भरून गेली. येथील कित्येक ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ त्या दुष्काळाच्या पलीकडे जात नाही. मागे फक्त एक उपाशी मूल उभे असते.

असेच एक मूल, दहा-एक वर्षांची मुलगी, १९०० साली अनाथालयात आली होती. तिचे एकच छायाचित्र घरात होते, १९३५ च्या सुमाराचे. मांडीवर धाकटी लेक. ती लेक आज नव्वदी ओलांडून गेली आहे. कुटुंबाच्या मेळाव्यासाठी पणतवाने मोठ्या प्रेमाने त्या छायाचित्राचा संगणकावर जीर्णोद्धार करून घेतला, त्याचे तैलचित्रासारखे रूप कॅनव्हासवर छापविले, आणि सोनेरी चौकटीत बसवून ते म्हातारीपुढे धरले. चित्र सुंदर होते, यात शंका नाही. चेहरा उजळ, नाक सरळ, ओठांवर मंद स्मित. म्हातारीने बराच वेळ पाहिले. मग चित्रातील हनुवटीवरून आणि मनगटावरून बोट फिरवीत तिने विचारले, “गोदना कहाँ हे?” आणि थोड्या वेळाने आपणाशीच म्हणाली, “ये मोर दाई नोहे.”

ही माझी आई नव्हे. छत्तीसगढीतील ते ‘नोहे’ आपल्या संतांच्या मराठीतही आहे. मला ते कानी पडताच त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

छत्तीसगडच्या स्त्रिया हनुवटीवर, हातांवर, पायांवर गोंदवून घेत. बाकीचे दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे मरणानंतरही बरोबर येते, अशी त्यांची समजूत. अनाथालयात येण्यापूर्वी त्या मुलीच्या अंगावर ते उमटले होते. कोणी मावशीने किंवा आजीने तिला धरून बसविले असेल. तिच्या हरवलेल्या माणसांची तेवढीच निशाणी तिच्याजवळ उरली होती. त्या काळच्या फोटोच्या पट्ट्या निळ्या रंगाला अधिक लवकर उजळत, म्हणून निळसर गोंदण छायाचित्रात आधीच फिके उतरे. आणि तांबूस-सावळा वर्ण मात्र आहे त्याहून काळा येई. म्हणजे मूळ छायाचित्रही पुरते सत्य सांगत नव्हतेच. तरी त्यात गोंदणाची अंधुक नक्षी होती. यंत्राने तिला डाग समजून पुसून टाकले.

त्या मेळाव्यात एका सद्गृहस्थांनी असे मत दिले की, झाले ते बरेच झाले; अंगावर गोंदवून घेऊ नये असे लेवीय १९:२८ मध्ये स्पष्ट आहे, मग ख्रिस्ती पणजीच्या चित्रात ते कशाला? या मताचा विचार केला पाहिजे, कारण ते त्या एकट्यांचे नाही. लेवीयाची ती आज्ञा मृतांसाठी अंगावर वार करून घेण्याच्या शोकविधींच्या संगतीत आली आहे, हे तेथील वाक्य वाचताच ध्यानात येते. पण तो वाद बाजूस ठेवू. प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी (६:१७) आपल्या शरीरावरील येशूच्या खुणांचा उल्लेख करतो. तेथे ग्रीक शब्द ‘स्तिग्माता’ असा आहे. दासाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर डागून वा गोंदून उमटविलेली खूण, हाच त्याचा व्यवहारातील अर्थ होता. मराठीत आपण ‘खुणा’ म्हणतो आणि वाक्य सभ्य होते. पण पहिल्या वाचकांना तेथे गोंदलेले, डागलेले कातडे दिसले असेल. फटक्यांचे वळ आणि धोंड्यांच्या जखमा यांना पौल या शब्दाने मिरवितो. तो त्या झाकीत नाही.

मत्तयाकडे पाहा. शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर त्याने प्रभूच्या घराण्याचा जणू आल्बम उघडला आहे. त्यात तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे. आणि बथशेबेचे नाव टाळून त्याने ‘उरीयाची स्त्री’ असा उल्लेख केला, म्हणजे दाविदाचे पाप वाचकाच्या नजरेतून सुटू नये. त्याच्या हाती पुसून टाकण्याचे साधन नव्हते असे नाही, लेखणी होती. त्याने ती तशी वापरली नाही. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आत्मचरित्राला ‘स्मृतिचित्रे’ असे नाव दिले, आणि त्यात टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, घर सोडून निघून जाणे, सारे काही ठेवले. म्हणूनच ते टिळक वाचकाच्या घरात येऊन बसतात. त्या काळी छापलेल्या कित्येक पुण्यचरित्रांतील पुरुष मात्र कॅनव्हासवरच्या त्या गुळगुळीत आजीसारखे आहेत. त्यांना पाहून आदर वाटतो, ओळख पटत नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येऊ. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा निर्माण झाला, आणि ते प्रतिरूप पापाने मळले. मग त्याचा जीर्णोद्धार कसा व्हावा? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासिअस याने शब्दाच्या देहधारणेवर एक लहान ग्रंथ लिहिला. त्यात हाच प्रश्न त्याने नेमका एका चित्राच्या दृष्टांताने सोडविला आहे. लाकडी फळीवर एखाद्याचे चित्र काढले आहे; डाग पडून ते ओळखू येईनासे झाले. आता काय करावे? फळी फेकून द्यावी काय? नाही, कारण तिच्यावर ज्याची मुद्रा होती त्याच्यामुळे तिला मोल आहे. पण दुसऱ्या कोणाला समोर बसवूनही भागणार नाही. ज्याचे ते चित्र, त्यानेच पुन्हा येऊन बसले पाहिजे, म्हणजे त्याच फळीवर त्याचे रूप नव्याने रेखाटता येईल. याच रीतीने पित्याचे प्रतिरूप जो पुत्र, तो स्वतः आपणांमध्ये आला, असे अथनासिअस दाखवितो.

वाचकहो, जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वीच्या या दृष्टांतात आपल्या आजच्या यंत्रांची परीक्षा किती अचूक झाली आहे! यंत्राजवळ मूळ व्यक्ती नसते, म्हणून ते इतर लाखो चेहऱ्यांची सरासरी आणून बसविते. देव सरासरी काढीत नाही. ज्याला आपण घडविले त्याला तो ओळखतो, आणि त्याच फळीवर काम करतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी पुत्राविषयी ‘खारक्तेर’ हा शब्द आला आहे. नाण्यावर किंवा लाखेवर उमटतो तो ठसा. पुढे दहाव्या अध्यायात तेच पत्र छाया आणि प्रतिरूप यांत भेद करते. आपण ‘छायाचित्र’ हा शब्द योजला तेव्हा हे मनात नसेल. पण शब्द योग्यच निघाला. आपल्या हाती छाया आहे, आणि छायेवरून आपण पुरे मनुष्य घडवू पाहतो.

जगातील बरीच धर्मोपदेशने मानवाचा जीर्णोद्धार म्हणजे निर्दोष, नितळ, एकसारखे होणे असे समजून चालतात. आपल्याही उपदेशपीठांवरून हे ऐकू येते : नवा जन्म म्हणजे मागचे सर्व पुसले गेले, कोरी पाटी. पापाविषयी हे खचित खरे आहे. परंतु मनुष्याच्या इतिहासाविषयी ते खरे नाही, आणि याचा पुरावा स्वतः पुनरुत्थित प्रभूच्या शरीरावर आहे.

योहानाच्या विसाव्या अध्यायातील तो प्रसंग पुन्हा वाचा. दारे बंद आहेत. आठ दिवसांपूर्वी थोमा तेथे नव्हता, आणि त्याने घातलेली अट आपण जाणतो. त्याने ‘मला त्याचे तेजस्वी मुख दिसले पाहिजे’ असे म्हटले नाही. त्याने खिळ्यांच्या खुणा मागितल्या. त्याच्या लेखी येशूची ओळख तीच होती. खुणा नसलेला कोणीही समोर आला असता, तर तो कितीही तेजोमय असता तरी थोमाने त्या म्हातारीसारखेच म्हटले असते. आणि प्रभूने काय केले? त्याने हात पुढे केले. ज्या देहाला मरणाची सत्ता उरली नव्हती, ज्याला बंद दारांची आडकाठी नव्हती, त्यावर व्रण राहिले होते. ज्या पित्याने त्याला मेलेल्यांतून उठविले, त्याला हे पाच डाग भरून काढता आले नसते काय? त्याने ते ठेवले. गौरवाच्या देहात ते जखमा राहिले नाहीत, रक्त नव्हते, वेदना नव्हती. पण जागा होती, बोट घालता येईल अशी.

तेव्हा २ करिंथ ३:१८ मध्ये पौल ज्या रूपांतराविषयी लिहितो, ते मोबाईलवर बोट दाबून होणारे रूपांतर नव्हे. आपण प्रभूचे तेज पाहत पाहत त्याच्या प्रतिरूपात पालटत जातो, तेजाच्या एका पायरीवरून दुसरीवर. आणि ज्याच्या रूपात आपण पालटत आहोत, त्याचे हात व्रणांकित आहेत. त्या अनाथ मुलीला प्रभूने उठविले म्हणजे तिच्या हनुवटीवर गोंदण असेल की नसेल, हे मी सांगू शकत नाही. शास्त्र तेथपर्यंत नेत नाही. पण ‘गोदना कहाँ हे’ असे विचारणाऱ्या लेकीला ती परकी वाटणार नाही, एवढे योहानाच्या या अध्यायाच्या आधारे खात्रीने म्हणता येते.

मग छायाचित्रावरून चित्रकला करणे अयोग्य आहे काय? मुळीच नाही. आपल्याकडील स्टुडिओंत जुन्या काळी कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरीत. गालांवर गुलाबी, काठावर सोनेरी. तो फोटो पाहणारा प्रत्येक जण जाणत असे की रंग रंगाऱ्याचा आहे. चित्रकार आपली सही करतो, म्हणजे ‘हे मी पाहिले तसे आहे’ असे कबूल करतो. चार शुभवर्तमाने चार हातांची आहेत, आणि मंडळीने त्यांची एकच गुळगुळीत कथा करून मूळ चार टाकून दिली नाहीत. दुसऱ्या शतकात तातियानाने तशी एक जुळवणी केली होती. सीरियन मंडळीत ती काही शतके चाललीही. शेवटी मंडळी चारांकडेच परतली. आक्षेप कलेवर नाही. कला जेव्हा साक्षीच्या जागी जाऊन बसते आणि सही करीत नाही, तेव्हा आहे. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात १९७५ ते १९७९ या काळात हजारो बंद्यांची छायाचित्रे काढून मग त्यांना ठार करण्यात आले. २०२१ मध्ये एका कलाकाराने त्यांतील काहींना रंग दिले. इथपर्यंत ठीक होते. पण काही चेहऱ्यांवर त्याने हसू उमटविले. ती चित्रे एका संकेतस्थळावर प्रसिद्ध होताच कंबोडियाच्या शासनाने निषेध केला, आणि ती मागे घ्यावी लागली. भयाने गोठलेल्या मनुष्याच्या तोंडावर मागाहून हसू चढविणे ही त्याची दुसरी विटंबना होय. आमोसाला किंवा यिर्मयाला हे पाहून काय वाटले असते!

आपल्या छत्तीसगडच्या बाबतीत एक गोष्ट मला अधिक टोचते. मिशनच्या काळातील छायाचित्रे परदेशांतील संग्रहांत आता संगणकावर पाहता येऊ लागली आहेत. बाझल मिशनच्या संग्रहाने तर आपली हजारो चित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. अशा संग्रहांतून फिरताना दिसते की मिशनऱ्याचे नाव चित्राखाली बहुधा असते. त्याच्याभोवती उभ्या असलेल्या पंधरा मुलांखाली ‘दुष्काळातील अनाथ’ एवढेच असते. कितीही सामर्थ्यवान यंत्र आणले तरी त्या मुलांच्या पापण्या मोजता येतील, नावे मिळणार नाहीत. यशया ४९:१६ मध्ये देव सीयोनेला सांगतो की ती त्याच्या तळहातांवर आहे. तेथील इब्री क्रियापद ‘हाकाक’ म्हणजे दगडात कोरणे, खोदणे. हे पुसता येणारे लिहिणे नव्हे. देवाने कोरून ठेवले म्हणून आपण विसरण्यास मोकळे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

तेव्हा, प्रिय वाचकहो, आपल्या घरातील आणि मंडळीतील जुनी छायाचित्रे बाहेर काढा. मूळ चित्राला धक्का लावू नका. त्याची इंचाला निदान ६०० बिंदूंची प्रत काढून ती जशीच्या तशी एका ठिकाणी ठेवा, आणि जे काही सुधारावयाचे ते दुसऱ्या प्रतीवर. डाग पुसा, पण गोंदण, देवीचे व्रण, कुष्ठाने झडलेली बोटे, तुटका दात यांना हात लावण्यापूर्वी ज्यांनी त्या माणसाला पाहिले आहे त्यांना विचारा. यंत्राने चेहरा घडविला असेल तर चौकटीखाली तसे लिहा. हस्तलिखितांतील चौकोनी कंसाचे काम तेवढ्याने होते. रंगीत कॅनव्हास हवा असेल तर जरूर करवून घ्या, आणि शेजारी ते पिवळे, फाटके मूळ चित्रही लावा. त्या रायपूरच्या घरात आता दोन्ही आहेत, आणि म्हातारी कोणत्या चित्राखाली बसते हे सांगण्याची गरज नाही.

आणि हे काम या वर्षीच करा. रविवारी उपासनेनंतर मंडळीतील वडीलधाऱ्यांना एका बाकावर बसवा, आल्बम त्यांच्या मांडीवर द्या, आणि जवळ एक मऊ पेन्सिल ठेवा. बॉलपेन नको, त्याचा दाब समोरच्या बाजूस उमटतो. प्रत्येक चित्राच्या पाठीवर हलक्या हाताने नाव, गाव, वर्ष, कोणाची कोण, हे लिहून घ्या. आणि ज्या चेहऱ्याचे नाव कोणालाच आठवत नाही, त्याच्यासाठीही ओळ कोरी सोडू नका. दिसते तेवढे लिहा : मागच्या रांगेत, डावीकडून चौथी, नाव ठाऊक नाही, हनुवटीवर गोंदण.